धन्यवादित पोलिन जारिको : दहाजणांची साखळी आणि रुस्त्रेलचे कर्ज

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या सर्व धर्मग्रामांत मिशन रविवार साजरा होतो. त्या दिवशीच्या मिस्सेत जमा झालेले दान धर्मग्रामात राहत नाही आणि धर्मप्रांतातही राहत नाही. जगभरच्या दानाबरोबर ते एकत्र होते आणि जेथे ख्रिस्तसभा अद्याप गरीब वा कोवळी आहे अशा प्रदेशांकडे जाते. त्या पैशाचे पुढे काय झाले हे देणारा स्वतः जाऊन पाहू शकत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोक देत आले आहेत. या विश्वासाचा पाया ज्यांनी घातला त्या फ्रान्समधील लिऑन शहरातल्या एका रेशीम व्यापाऱ्याच्या कन्या होत्या. आणि त्यांनाच आयुष्याची अखेरची दहा वर्षे बुडालेल्या कर्जाचा डाग कपाळी घेऊन दारोदार हिंडावे लागले. त्यांचे नाव पोलिन जारिको. दिनांक २२ मे २०२२ रोजी त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

पोलिन यांच्या भक्तिजीवनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे मुख्यतः त्यांच्या हिशेबाविषयी लिहावयाचे आहे. धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल संस्था असो, एखादे महिला मंडळ असो वा गरीब विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी उभारलेला छोटासा निधी असो, या सर्वांपुढे दर वर्षी तोच प्रश्न उभा राहतो : पैसा आणावा कोठून आणि देणाऱ्याचा विश्वास टिकवावा कसा? पोलिन यांच्यापुढे हा प्रश्न दोनदा आला. पहिल्या वेळी त्यांनी दिलेले उत्तर दोनशे वर्षे टिकले. दुसऱ्या वेळचे उत्तर सात वर्षांत कोसळले. दोन्ही वेळी त्यांची श्रद्धा, त्यांचा प्रामाणिकपणा व त्यांचा हेतू तोच होता. म्हणूनच त्यांचे चरित्र आम्हांला विचार करण्यासारखे वाटते.

पोलिन यांचा जन्म २२ जुलै १७९९ रोजी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीचे वादळ नुकतेच ओसरत होते. सात भावंडांत त्या धाकट्या. घरात सुबत्ता होती, आणि रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी उंची वस्त्रांना काय तोटा? पोलिन यांनाही नटण्याची हौस होती. १८१४ साली पडल्याचे निमित्त होऊन त्या दीर्घकाळ आजारी झाल्या, आणि त्याच वर्षी त्यांच्या आईचे निधन झाले. १८१६ च्या उपवासकाळात लिऑनच्या सेंट निझिए चर्चमध्ये त्यांनी फादर व्युर्त्झ यांचे देहाच्या व वस्त्रांच्या वृथाभिमानावरील प्रवचन ऐकले. त्या प्रवचनाने त्यांचे आयुष्य बदलले. दागिने व भारी वस्त्रे त्यांनी टाकून दिली, रेशीम कामगार बायका वापरत तसले जाडेभरडे कपडे त्या घालू लागल्या आणि त्याच वर्षीच्या नाताळात फुरव्हिएरच्या टेकडीवरील पवित्र मरियेच्या मंदिरात त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे खाजगी व्रत घेतले. मात्र कोणत्याही मठात त्या गेल्या नाहीत. अखेरपर्यंत त्या प्रापंचिक जगात राहणाऱ्या एक साध्या ख्रिस्ती स्त्री होत्या, ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवावी.

कपड्यांतील या बदलाचा परिणाम केवळ आध्यात्मिक नव्हता. लिऑन हे रेशमाचे शहर. व्यापारी धागा देई, विणकर आपल्या घरातील मागावर तो विणी आणि भाव व्यापारी ठरवी. दोघांच्या जगांत मोठी दरी होती. पोलिन ती ओलांडून पलीकडे गेल्या. आपल्या मेहुण्यांच्या कारखान्यातील मुलींना एकत्र करून त्यांनी प्रार्थनेचा एक गट बांधला. कोणाच्या घरी किती तोंडे आहेत, आठवड्याच्या शेवटी कोणाच्या हाती काय उरते, हे त्यांना या मुलींकडून प्रत्यक्ष कळले. दान मागणाऱ्याला देणाऱ्याची चूल ठाऊक असावी लागते. पोलिन यांना ती ठाऊक झाली होती.

त्यांचे बंधू फिलेआस हे धर्मगुरू होण्यासाठी पॅरिस येथे शिकत होते. परदेशी मिशन संस्थेची विपन्नावस्था त्यांच्याकडून पोलिन यांच्या कानी येई. राज्यक्रांती व नेपोलियनच्या युद्धांनंतर या संस्थेजवळ ना पुरेसे धर्मगुरू उरले होते, ना पैसा. आणि तिची माणसे तर चीन, व्हिएतनाम, सयाम आणि आपल्या देशातील पाँडिचेरी अशा दूरदूरच्या ठिकाणी होती. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे मिशनसाठी पैसा राजेरजवाडे, सरदार वा श्रीमंत घराणी देत असत. क्रांतीने ती घराणीच उद्ध्वस्त केली होती. म्हणजे मोठे दाते गेले आणि त्यांच्यावर उभे असलेले कार्यही बसले. इंग्लंडमध्ये मात्र प्रोटेस्टंट मिशन संस्था सामान्य माणसाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करीत होत्या, आणि त्यांचा निधी वाढत होता.

१८१९ सालच्या एका संध्याकाळी घरातील मंडळी पत्ते खेळत असता पोलिन शेकोटीजवळ विचार करीत बसल्या होत्या आणि योजना सुचताच त्यांनी ती हाताशी आलेल्या एका पत्त्यावर टिपून ठेवली, असे त्यांच्या चरित्रात परंपरेने सांगितले जाते. योजना इतकी साधी होती की तिची थोरवी चटकन ध्यानात येत नाही. प्रत्येकाने आठवड्याला एक सू द्यावा. सू हे त्या काळचे हलके नाणे; वीस सू म्हणजे एक फ्रँक. देणाऱ्याने आपल्या ओळखीची दहा माणसे शोधावीत, त्यांच्याकडून दर आठवड्याला एकेक सू घ्यावा व रोजची छोटी प्रार्थनाही त्यांच्याकडून करून घ्यावी. अशा दहा गटप्रमुखांनी आपली रक्कम शंभरांच्या प्रमुखाकडे द्यावी, शंभरांच्या दहा प्रमुखांनी हजारांच्या प्रमुखाकडे आणि हजारांच्या प्रमुखांनी मध्यवर्ती खजिन्याकडे.

वाचकांनी हे गणित मांडून पाहावे. आठवड्याला एक सू म्हणजे वर्षाचे बावन्न सू, अर्थात २ फ्रँक ६० सेंटिम. दहाजणांचे २६ फ्रँक, शंभरांचे २६० आणि हजारांचे २,६००. ज्या मुलीला एकदम अडीच फ्रँक देणे अशक्य होते तिला आठवड्याचा एक सू जड नव्हता. पण आमच्या मते या योजनेचे खरे मर्म रकमेत नसून दहा या आकड्यात आहे. दहा माणसांना एक माणूस चेहऱ्याने ओळखतो. कोणी आजारी पडले, कोणाचा माग बंद पडला, हे त्याला विचारल्याशिवाय कळते. त्याला वही ठेवण्यासाठी कारकून लागत नाही. त्याने गफलत केलीच तर ती दहाजणांच्या लगेच ध्यानात येते, आणि एक गट बिघडला म्हणून उरलेले नऊ बिघडत नाहीत. शिवाय येथे कोणी मोठा दाता नाही. त्यामुळे कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, कोणाच्या नावाची पाटी लावावी लागत नाही आणि कोणी रुसला तर कार्य थांबतही नाही. आपल्याकडील बचत गटांच्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रारंभ रेशीम कामगार मुलींपासून झाला. लवकरच कुरबुरही सुरू झाली. वीस वर्षांची एक अविवाहित तरुणी कोणाच्याही लेखी आज्ञेवाचून शहरभर पैसे गोळा करते, हे काही धर्मगुरूंना पटले नाही. आपल्या धर्मग्रामाचे उत्पन्न घटेल ही भीतीही काहींच्या मनात असावी. ही भीती आजही आपल्या परिचयाची आहे. पोलिन वाद घालत बसल्या नाहीत. जमलेला पैसा पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेकडे पोहोचत राहिला.

त्याच सुमारास लिऑनमध्ये दुसरी एक मंडळी अमेरिकेतील लुइझियानाचे बिशप दुबूर यांच्यासाठी पैसा उभा करण्याच्या खटपटीत होती. दिनांक ३ मे १८२२ रोजी या मंडळींची सभा भरली. एकेका मिशनसाठी वेगळी वर्गणी काढण्याऐवजी पूर्व व पश्चिम दोन्हींकडील साऱ्या मिशनांसाठी एकच संस्था असावी, असा निर्णय तेथे झाला, आणि तिची बांधणी पोलिन यांच्या दहाजणांच्या साखळीवर करण्याचे ठरले. श्रद्धाप्रसार संस्थेचा हा जन्मदिवस. ही सभा घडवून आणण्यात लुइझियानाहून आलेल्या ज्या धर्मगुरूचा पुढाकार होता तो पुढे भोंदू निघाला. पण एव्हाना संस्था एका माणसाच्या शब्दावर उभी नव्हती, म्हणून तिला त्याचा धक्का बसला नाही.

सभेला पोलिन स्वतः उपस्थित नव्हत्या. कार्यकारी मंडळ सर्वस्वी पुरुषांचे झाले. आपले रोपटे दुसऱ्यांच्या हाती सोपवून पोलिन मागे सरल्या. पहिल्या वर्षी वीस हजार फ्रँकांहून अधिक रक्कम जमली. वर दिलेल्या हिशेबाने पाहता ती सात-आठ हजार माणसांच्या वर्षभराच्या सूंइतकी होते. ही रक्कम आशियातील मिशने, लुइझियाना व केंटकी यांच्यात वाटली गेली. पॅरिसच्या संस्थेमार्फत आशियाकडे जाणाऱ्या त्या मदतीच्या वाटेवर आपल्या देशातील मिशनही होते, याची आठवण मिशन रविवारी दान देताना ठेवण्यासारखी आहे. आज आपण देतो. एके काळी लिऑनच्या विणकर मुली आपल्यासाठी देत होत्या.

या नव्या संस्थेने सुरुवातीपासून तीन गोष्टी पाळल्या, आणि त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. पहिली अशी की मंडळाचे सभासद विनावेतन काम करीत. दुसरी अधिक धाडसाची होती. वर्षभरात जमलेला पैसा संस्था वर्षअखेरीस वाटून टाकी. स्वतःसाठी कायमचा ठेवनिधी तिने उभारला नाही. व्यवहारी माणसाला हे अविचाराचे वाटेल. पुढच्या वर्षी लोकांनी हात आखडला तर काय, असा प्रश्न पडेल. परंतु याच नियमामुळे संस्थेला दर वर्षी पुन्हा लोकांपुढे जाणे भाग पडले, आणि लोकांनाही ठाऊक राहिले की आपला सू कोठे तिजोरीत पडून राहिलेला नाही. ठेवनिधी वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. रुग्णालय वा शाळा चालविणाऱ्या संस्थेला तो लागतोच. मात्र दात्यांपेक्षा ठेवीवर अधिक विसंबणारी संस्था हळूहळू दात्यांना विसरते, हे आपण आजूबाजूला पाहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वृत्तान्त. मिशनऱ्यांकडून येणारी पत्रे छापून ती सभासदांना पोहोचविण्यास संस्थेने प्रारंभ केला. पुढे त्यांचे नियतकालिक झाले व अनेक भाषांत त्याचे अनुवाद निघाले. दर दहाजणांमागे एक प्रत दिली जाई आणि ती हातोहात फिरे. दर माणशी एक प्रत छापली असती तर जमलेल्या पैशाचा मोठा वाटा छपाईतच गेला असता. आणि प्रत मुळीच दिली नसती तर दूरच्या मिशनचे चित्र देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कधीच उभे राहिले नसते. दहाजणांत एक हे प्रमाण या दोहोंमधला नेमका मार्ग होते. ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. एखादा मिशनरी तापाने आजारी आहे, एखाद्या चॅपेलचे छप्पर वादळाने उडाले, कोरियात वा व्हिएतनाममध्ये छळ सुरू झाला, हे लिऑनच्या अंधाऱ्या माडीवरील विणकराला कळू लागले. त्याच नियतकालिकात दर वर्षी जमाखर्च छापला जाई. कोणत्या धर्मप्रांतातून किती आले व कोणत्या मिशनला किती गेले, हे ज्याला हवे त्याने पाहावे. मोठ्या रकमांबरोबर छोट्या रकमांचाही तेथे उल्लेख असे. सभासद सारा जमाखर्च वाचत असतील असे नव्हे. पण तो छापला जातो आणि कोणीही तो वाचू शकतो, एवढे त्यांना पुरेसे होते.

१८४० साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी आपल्या परिपत्रकात या संस्थेचा गौरव केला. पोलिन निवर्तल्या त्या काळात तिचे वार्षिक उत्पन्न कैक दशलक्ष फ्रँकांच्या घरात गेले होते, आणि तरीही तिचा पाया आठवड्याचा एक सू हाच होता.

दरम्यान १८२६ साली पोलिन यांनी जिवंत जपमाळ ही नवी चळवळ सुरू केली. पंधराजणांचा एक गट, आणि प्रत्येकाने रोज जपमाळेच्या एकाच रहस्याचा जप करावयाचा. म्हणजे सर्वांची मिळून रोज एक पूर्ण जपमाळ होते. पूर्ण जपमाळ म्हणण्यास ज्याला वेळ नाही त्यालाही सहभागी होता यावे, हा हेतू. दहा सूंची कल्पनाच येथे प्रार्थनेला लावलेली दिसते. लाखो लोक या चळवळीत आले. पोलिन यांनी फुरव्हिएरच्या टेकडीवर लोरेत नावाचे घर घेतले व तेथे काही भगिनींसह त्या राहू लागल्या. १८३५ साली गंभीर आजारी अवस्थेत त्यांनी इटलीचा प्रवास केला. रोममध्ये पोप ग्रेगरी स्वतः त्यांच्या भेटीस आले, आणि मुन्यानो येथील संत फिलोमिनाच्या मंदिरात त्या बऱ्या झाल्या. आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांना संत फिलोमिनाचा पवित्र अवशेष पोलिन यांच्याकडूनच मिळाला, आणि दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

आता कथेच्या दुसऱ्या भागाकडे वळू. १८३१ व १८३४ साली लिऑनच्या विणकरांनी मजुरीच्या प्रश्नावर उठाव केले आणि सैन्याने ते चिरडले. ज्या लोकांच्या सूंवर मिशने उभी राहिली त्याच लोकांना धड पोटभर अन्न नाही, हे पोलिन यांच्या जिव्हारी लागले. कामगाराला आधी माणसासारखे जगता आले पाहिजे आणि मगच त्याच्याशी श्रद्धेच्या गोष्टी बोलाव्यात, या मतापर्यंत त्या आल्या. पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर १८९१ साली परिपत्रक काढले. पोलिन यांचा विचार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. सुस्थितीतील लोकांनी बिनव्याजी पैसा ठेवावा व त्यातून कामगारांना बिनव्याजी कर्जे मिळावीत, अशी एक पेढी त्यांच्या मनात होती. तिला त्या स्वर्गाची बँक म्हणत. त्याचबरोबर जेथे कामगारांना रास्त मजुरी, कुटुंबासह राहण्यास घर आणि मुलांना शिक्षण मिळेल असा आदर्श कारखानाही त्यांना उभारावयाचा होता.

१८४५ साली दक्षिण फ्रान्समधील रुस्त्रेल या गावी लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांचा एक कारखाना त्यांनी घेतला. त्याला देवदूतांच्या राणीचे नाव दिले. कारभार ग्युस्ताव पेर नावाच्या गृहस्थाकडे व त्याच्या साथीदारांकडे सोपविला. हे गृहस्थ धर्मनिष्ठ असल्याची ग्वाही पोलिन यांना मिळाली होती. आपला वारसाहक्काचा पैसा त्यांनी त्यात घातला. तो पुरला नाही, तेव्हा त्यांच्या शब्दावर इतरांनी पैसे दिले, आणि त्यांत आयुष्यभराची थोडीशी पुंजी बाळगणारी साधी माणसेही होती. पोलिन जारिको यांच्या हाती दिलेला पैसा बुडणार नाही, हा पंचवीस वर्षांत कमावलेला लौकिक होता. तोच लौकिक रुस्त्रेलमध्ये गहाण पडला. कारभारी अप्रामाणिक निघाले, भांडवल भलतीकडे गेले आणि १८५२ साली कारखाना दिवाळखोरीत निघाला. चार लाख फ्रँकांहून अधिक देणे पोलिन यांच्या डोक्यावर राहिले.

दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. श्रद्धाप्रसार संस्थेत एका माणसाचा एक सू बुडाला असता तर त्याचे काही बिघडले नसते. रुस्त्रेलमध्ये माणसांनी न परवडणाऱ्या रकमा दिल्या. तेथे जमाखर्च दर वर्षी छापला जाई. येथे तो लिऑनपासून दूर एका कारभाऱ्याच्या कपाटात होता. तेथे दहाजणांच्या दहा डोळ्यांच्या जोड्या प्रमुखावर होत्या. येथे सर्वांनी पोलिन यांच्याकडे पाहिले, आणि पोलिन यांनी पेर यांच्या धर्मनिष्ठेकडे. शिवाय दान आणि ठेव यांत मूलभूत भेद आहे. दिलेले दान परत मागता येत नाही, ठेव परत द्यावीच लागते. आणि पुण्यकार्याच्या नावाने ठेवी स्वीकारल्या की देणाऱ्यालाही आपण दान देतो आहोत की ठेव ठेवतो आहोत याचे भान उरत नाही. आपल्या राज्यात पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या वाचताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संचालक ओळखीचा असतो, सज्जन असतो, आणि म्हणून कोणी वही मागत नाही. भट्टीतील लोखंडाचा हिशेब जाणणारा एखादा कोरडा, संशयी, प्रसंगी मिस्सेलाही न जाणारा हिशेबनीस पोलिन यांनी तेथे नेमला असता तर अनेकांचे अश्रू वाचले असते, असे आम्हांला वाटल्यावाचून राहत नाही.

पोलिन यांनी पळवाट शोधली नाही. फसवणूक आपलीच झाली आहे, असे सांगून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या, आणि ते खोटेही ठरले नसते. परंतु लोकांनी पैसे पेर यांना दिले नव्हते, आपल्याला दिले होते, असे त्या मानीत आणि ते फेडणे हे त्यांनी उरलेल्या आयुष्याचे काम ठरविले. विकण्यासारखे होते ते विकले. पन्नाशी उलटलेल्या, हृदयविकाराने थकलेल्या या बाईंनी फ्रान्सभर हिंडून मदतीची याचना केली. एके काळी मिशनांसाठी सहज मिळणारा सू आता स्वतःच्या देण्यासाठी मागताना दारे बंद होऊ लागली. कोणी त्यांना भोळसट म्हटले, कोणी लबाड. फेब्रुवारी १८५३ मध्ये लिऑनच्या दप्तरी त्यांची नोंद निर्धन म्हणून झाली, आणि ज्या शहरात त्यांच्या वडिलांचा रेशमाचा व्यापार होता तेथे त्या दारिद्र्याचा दाखला बाळगून राहू लागल्या.

त्यांनी श्रद्धाप्रसार संस्थेकडेही साहाय्य मागितले. मंडळाने नकार दिला. या नकाराविषयी पुष्कळ चरित्रकार संतापाने लिहितात. आमचे मत थोडे निराळे आहे. मिशनांसाठी म्हणून लोकांनी दिलेला पैसा लोखंडाच्या कारखान्याचे देणे फेडण्यास वापरणे उचित ठरले नसते. मागणारी व्यक्ती संस्थेची जननी असली तरीही नसते. ज्या कामासाठी पैसा मागितला त्याच कामाला तो जावा, हीच तर त्या संस्थेची पुण्याई होती. परंतु मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. पोलिन या संस्थेच्या संस्थापिका आहेत हेच मानण्यास त्याने खळखळ केली. पैसा नाकारणे हा नियम होता. श्रेय नाकारणे हा अन्याय होता. सभासदांपैकी ज्यांचे खिसे भरलेले होते त्यांनी वैयक्तिकरीत्या हात पुढे केला असता तर नियमही राहिला असता आणि कृतज्ञताही. त्यासाठी मंडळाच्या ठरावाची गरज नव्हती.

१८५६ साली पोलिन पुन्हा रोमला गेल्या. पोप पायस नववे यांनी त्यांना सहानुभूती दाखविली, पण लिऑनमधील मने त्यामुळे फारशी वळली नाहीत. १८५९ च्या हिवाळ्यात त्या आर्सला संत जॉन व्हियानी यांच्या भेटीस गेल्या. थंडी कडाक्याची होती व दोघेही वृद्धत्वाने आणि श्रमाने खंगलेली. फादर व्हियानी यांनी त्यांना एक छोटा लाकडी क्रूस दिला. जमीनजुमला व मानमरातब गेलेल्या पोलिन यांच्यापाशी तो क्रूस राहिला. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये फादर व्हियानी वारले. पोलिन यांनी आणखी अडीच वर्षे फेडीची धडपड केली. सर्व देणी फिटलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दिनांक ९ जानेवारी १८६२ रोजी लोरेतच्या घरी त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्या ६२ वर्षांच्या होत्या.

त्यांच्या पश्चात त्यांची संस्था वाढतच गेली. दिनांक ३ मे १९२२ रोजी, स्थापनेला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, पोप पायस अकरावे यांनी श्रद्धाप्रसार संस्थेला पोपमहोदयांच्या अधिकाराखालील संस्थेचा दर्जा दिला व तिचे मुख्य केंद्र रोम येथे आणले. चार वर्षांनी, १९२६ साली, त्यांनीच मिशन रविवार ठरवून दिला. पोलिन यांच्या बाबतीत मात्र ख्रिस्तसभा सावकाश चालली. १९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना आदरणीय घोषित केले. पुढील पायरीसाठी सुमारे साठ वर्षे लागली. २०१२ साली लिऑनमधील एका चिमुकल्या मुलीच्या घशात घास अडकून ती मृत्युपंथाला लागली असता तिच्या शाळेतील पालकांनी पोलिन यांच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना केली आणि ती मुलगी पूर्ण बरी झाली. हा चमत्कार २०२० साली मान्य झाला. दोन वर्षांनी लिऑन येथे कार्डिनल ताग्ले यांच्या हस्ते धन्यवादित घोषणेचा विधी पार पडला. संस्थेच्या स्थापनेला त्याच महिन्यात दोनशे वर्षे पूर्ण झाली होती.

पोलिन यांचे हृदय लिऑनमधील विणकरांच्या वस्तीजवळील सेंट पोलिकार्प चर्चमध्ये जतन केलेले आहे. त्यांचा देह सेंट निझिए चर्चमध्ये आहे. सोळा वर्षांच्या असताना त्यांनी फादर व्युर्त्झ यांचे प्रवचन ऐकले होते, तेच हे चर्च. दर वर्षी ९ जानेवारीला त्यांचा स्मृतिदिन असतो.